ढाळजेतली गॅलरी: आमच्या नोंदी, ऑगस्ट २०२४ ते मार्च २०२५

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

आजपासून सगळं लिहून ठेवायचं ठरलं, कारण मागच्या मिटिंगमधे काय ठरलं होतं ते सहा जणांनी सहा प्रकारे सांगितलं. वही माझ्याकडं. बाकीच्यांची अक्षरं बघितल्यावर दुसरा पर्यायच नव्हता.

तर गॅलरीला जागा मिळाली. अंबाजोगाईच्या जुन्या गावातला वाडा, मालक पुण्याला, मागची बाजू बसलीय पण पुढची ढाळज आणि तिला लागून असलेली चार खणांची खोली शाबूत आहे. भाडं नाही. मालकांच्या अटी दोनच, दारं रोज उघडी राहावीत म्हणजे वाळवी लागणार नाही, आणि दिवाळीत उंबऱ्यावर पणती लावायची. ज्यांनी वाडा बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, ढाळज म्हणजे मोठ्या दरवाजातून आत शिरलं की बाजूला जो उंच ओटा असतो तो, इथं पाहुणे टेकायचे, हिशेबाला आलेली माणसं बसायची, म्हणजे घरात न शिरता थांबायची जागा. मला हे गॅलरीला एकदम बरोबर वाटलं. काचेचं दार आणि एसी असता तर चप्पल काढायची का नाही ह्या विचारातच निम्मं गाव दारातून परत गेलं असतं.

आम्ही सहा जण. मी, शाळेत तासिकेवर चित्रकला शिकवते. फ्लेक्सवाले दादा. बँकेतून रिटायर झालेले काका. मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप करणारी, तिला सगळे डॉक्टरच म्हणतात. गणपती आणि देवीच्या मूर्ती करणारे भाऊ. आणि संभाजीनगरला बीएफए (चित्रकलेची डिग्री) करणारं एक पोरगं, जे महिन्यातून दोनदा कपडे धुवायला घरी येतं तेव्हा आमच्या तावडीत सापडतं. संस्था रजिस्टर करायची तर १८६० च्या सोसायटी कायद्याप्रमाणं किमान सात जण लागतात, आणि आपल्या राज्यात पुढं धर्मादाय आयुक्तांकडं पण नोंद लागते. सातवा माणूस मिळेना. वर्गणी द्यायला लोक तयार आहेत, सही म्हणलं की लगेच "बघू की". तोवर सगळा पैसा काकांच्या लाल वहीत.

एक गोष्ट मात्र एकमतानं झाली, कलाकाराकडून एक रुपया घ्यायचा नाही. १९५२ ला उघडलेल्या जहांगीर आर्ट गॅलरीत आपला शो लागावा हे इथल्या प्रत्येक पोराच्या डोक्यात असतं, असावंच, पण मुंबई म्हणलं की हॉलचं भाडं, फ्रेमा, टेम्पो, आठवडाभर तिथं राहणं-खाणं, आणि त्याआधी नंबर लागायची वाट बघणं. कॉलेजातून काल बाहेर पडलेलं लेकरू हे कुठून करणार. आम्ही उलटं करायचं, प्रत्येक शोला कलाकाराला २,००० रुपये मानधन आणि काम विकलं तर १५ टक्के गॅलरीला. २,००० म्हणजे काहीच नाही हे माहितीय. पण शून्य नाही.

२ सप्टेंबर, सोमवार, पोळा

कालपासून पाऊस थांबायलाच तयार नाही. परभणी-हिंगोलीकडं तर फार वाईट झालंय म्हणतात, फोनवर नुसते पुराचे व्हिडिओ. इथं ढाळजेचं माळवद तीन जागी गळायलंय.

चूक आमचीच. सागवानी तुळया, वर लादणी आणि त्यावर वीतभर पांढरी माती, असं हे छत असतं आणि दरवर्षी मृगाच्या आधी वर चढून गवत उपटून नवी माती टाकावी लागते. गेल्या कित्येक वर्षांत कुणी वर गेलेलंच नाही. आम्ही खालून पुट्टी मारून भिंती पांढऱ्याशुभ्र करण्यात ८,४०० रुपये घालवले आणि डोक्यावर काय आहे ते बघितलंच नाही. आज उत्तरेच्या भिंतीवरची पुट्टी पापडासारखी फुगून हातात आली.

मूर्तिकार भाऊ तसल्या पावसात आले, पाच दिवसांवर गणपती, त्यांच्या स्वतःच्या शाडूच्या मूर्ती वाळेनात, तरी आले. भिंतीला हात लावून म्हणाले, "दगड-मातीची भिंत हाय, तिला दम घेऊ द्या की. तुम्ही तिच्या तोंडावर प्लास्टिक बांधलंय." सगळी पुट्टी खरवडायची आणि चुना मारायचा असं ठरलं. पांढरा एकसारखा येणार नाही, ढगाळ येईल. येऊ दे.

बैलं मात्र पावसातच मिरवली. झुली भिजल्या, शिंगांचा रंग गळ्यावर ओघळलेला, फोटो काढायला हवा होता.

२२ सप्टेंबर, रविवार

चुना झाला. ढगाळच आला आणि खरं सांगायचं तर पुट्टीपेक्षा चांगला दिसतो.

आता टांगायचं कसं. खिळा मारला की पाव किलो माती खाली. बीएफएवालं पोरगं म्हणालं गॅलरीत छताला रेल असते, तिला वायर लटकवतात, तर आपण तुळयांना खालून सागाची पट्टी बांधली (स्क्रू नाही, तुळईला भोक पाडायचं नाही अशी काकांची सक्त ताकीद) आणि तिला स्टीलची बारीक तार. आठ हजारांचं काम सुतारमामांनी अडीचला केलं कारण त्यांची पोरगी माझ्याकडं इंटरमिजिएटच्या क्लासला आहे. देवळ्या, म्हणजे भिंतीतले कोनाडे, तशाच ठेवल्या. लहान मूर्ती, छोटी कामं देवळीत बसतील. नाहीतरी त्या काहीतरी ठेवायलाच केलेल्या आहेत.

वायरिंगवरून वाद झाला. दादांचं म्हणणं, आहे त्याच जुन्या वायरवर चार फोकस लावू, कशाला खर्च. काका इतके चिडलेले मी पहिल्यांदा बघितले. त्यांनी अजिंठ्याची गोष्ट काढली, की रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं वर्षानुवर्षं गुहेत बसून केलेल्या चित्रांच्या नकला, त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, मग मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलच्या ग्रिफिथ्स सरांनी तिथल्या पोरांना घेऊन पुन्हा नकला करून घेतल्या तर त्यातल्या पण कित्येक १८८५ च्या आगीत जळाल्या. "आणि तुमच्या डोक्यावर तर आख्खं सागाचं लाकूड हाय." दादा गप्प. नवीन वायर, नवीन एमसीबी, ६,२००. वर एक नियम पण आला, कुठलंही काम भिंतीवर चढायच्या आधी मागून-पुढून फोटो, साइज, आधीच कुठं फाटलंय-डागलंय का ते लिहायचं आणि कलाकाराची सही घ्यायची. तो नियम पुढं आम्हालाच वाचवणार आहे असं मला वाटतंय.

५ ऑक्टोबर

अर्ज १९ आले. त्यातले सहा म्हणजे नेटवरच्या फोटोवरून केलेली पेन्सिल पोर्ट्रेट, हात तयार आहे पण स्वतःचं काही नाही. दोघांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटची सर्टिफिकेटं जोडलीत. ह्यात त्यांची चूक नाही, आपल्याकडं चित्रकला म्हणजे दहावीला ए ग्रेडचे सात मार्क, तेवढ्यासाठी पालक क्लास लावतात आणि सात मार्क मिळाले की रंगाची पेटी माळ्यावर. मी स्वतः त्याच क्लासच्या फीवर जगते त्यामुळं जास्त बोलत नाही.

निवडताना डॉक्टर म्हणाली, मला चित्रातलं कळत नाही, मी फक्त एवढं विचारते की हे काम ह्याच माणसानं केलंय हे नाव झाकलं तरी ओळखू येईल का. आम्ही सगळ्यांनी तोच प्रश्न वापरला. चौघं निवडले. नकार १५ जणांना फोन करून सांगायचा, मेसेजवर नाही. माझ्या वाटेला पाच आले, त्यातलं एक जण फोनवर रडलं.

१२ ऑक्टोबर, दसरा

पहिला शो उघडला. रजिस्टरमधे १४३ सह्या, खरी माणसं जास्तच असतील कारण आजी लोकांनी सही केली नाही. उद्घाटनाला पाहुणा बोलावला नाही, रिबीन नाही, एकमेकांना आपट्याची पानं दिली आणि आत गेलो.

मला सगळ्यात लक्षात राहिलं ते बोअरच्या चित्रांसमोरचं. जालन्याकडच्या पोरानं बोअर मारताना जमिनीतून जे जे निघतं त्याच भुकटीनं मोठ्या कागदावर थर काढलेत, काळी माती, मुरूम, खडक, आणि एकदम खाली नुसता कोरा कागद. धोतरातले एक बाबा बराच वेळ बघत उभे, मग म्हणाले "साडेसहा इंची बोर हाय हे." पोरगं खूश. मग बाबा म्हणाले, पण तुझा क्रम चुकलाय, काळ्या खडकाच्या मधे लाल गेरूचा पट्टा लागतो, तो लागला की बोरवाला म्हणतो आता पाणी आलंच, आणि ते येत नाही. पोरानं वहीत लिहून घेतलं. कॉलेजात पाच वर्षांत इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं म्हणाला.

किमतीवरून मात्र जे व्हायचं ते झालं. ३,५०० ची चिठ्ठी बघून एकानं मोठ्यांदा विचारलं, "एवढ्यात तर फ्लेक्स किती येतील?" आणि फ्लेक्सवाले दादा तिथंच उभे! त्यांनी खरोखरच हिशेब करून सांगितला. मग म्हणाले, "पण माझा फ्लेक्स दोन उन्हाळ्यात फाटतो, बघा बुवा." त्या माणसानं चित्र घेतलं नाही. दादांना मात्र एका फ्लेक्सची ऑर्डर दिली.

१६ ऑक्टोबर

कालपासून विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. चौकातला आपला बॅनर पण निघाला, पुढाऱ्यांच्या बॅनरच्या ढिगात "नवोदित कलाकारांचे प्रदर्शन" सगळ्यात वर पडलेलं. दादांनी तो उचलून आणला आणि माळवदावर ओल्या जागी अंथरला. पहिल्यांदाच बॅनरचा खरा उपयोग झाला.

१० नोव्हेंबर, रविवार

हे लिहायचं टाळत होते. पैशाचं आम्ही कसंही जमवतो, देणगी, दादांचं प्रिंटिंग फुकट, चहा शेजारच्या वहिनींकडून. बसायला माणूस नाही. रोज दुपारी चार ते रात्री आठ उघडं ठेवायचं असं जोशात ठरवलं, म्हणजे दिवसाला चार तास. दिवाळीचे पाच दिवस सोडून शो चालला २१ दिवस, म्हणजे ८४ तास. आज काकांच्या वहीतून आकडे काढले तर काका एकटेच ५१ तास बसलेत, मी १७, दादा ८, भाऊ ४, डॉक्टर ४, पोरगं शून्य (तो इथं नसतोच, त्याला कसं धरणार). डॉक्टरच्या नाईट ड्युट्या लागल्यात, ती एक दिवस ओट्यावरच झोपली, लोक हळू आवाजात चित्रं बघून गेले.

काका म्हणतात मला कुठं काम आहे. पण काकूंनी मला देवळाजवळ गाठून सांगितलं, की यंदा दिवाळीत घरचे दिवे लावायला उशीर आणि गॅलरीची पणती वेळेवर. त्या हसत होत्या, तरी मला कसंतरी झालं.

निर्णय: गुरुवार ते रविवार, पाच ते आठ. बाकी दिवस किल्ली वहिनींकडं, कुणी आलंच तर त्या उघडतात. वहिनींना विचारून ठरवलं, गृहीत धरून नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

निकाल काल लागले, गुलाल अजून रस्त्यावर. आम्ही आतमधे दुसऱ्या शोचे दिवे लावत बसलो.

ह्या वेळी सगळी कामं कागदावर, जलरंग आणि लाकडी ठशांची प्रिंटं. पहिल्या शोला आम्ही घरातल्यासारख्या पांढऱ्या ट्यूब लावल्या होत्या, सगळे तांबडे रंग मेल्यासारखे दिसायचे. आता ४,००० केल्विनचे (ना पिवळे, ना निळसर), सीआरआय ९० च्या वरचे (म्हणजे रंग खरे दाखवणारे) दिवे मागवले, महाग पडले, पण हिरवा हिरवा दिसायला लागला. कागदावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) पुढं उजेड नको असतो, जलरंग उडतो. फोनवरच्या अ‍ॅपनं मोजलं, अगदी अचूक नसेल पण अंदाज येतो, पश्चिमेच्या खिडकीजवळ दुपारी ३४० आले! मांजरपाटाचा पडदा शिवला, डबल अस्तर, तेव्हा कुठं आटोक्यात. ओलीसाठी बुटाच्या दुकानातून सिलिका जेलच्या पुड्या गोळा केल्या आणि प्रत्येक फ्रेमच्या मागं चिकटवल्या. दुकानदाराला वाटलं आम्ही त्या खातोय.

१५ डिसेंबर, रविवार, मार्गशीर्ष पौर्णिमा

योगेश्वरीच्या नवरात्राचा शेवटचा दिवस. कोकणातून, मुंबई-पुण्यातून ज्यांची ती कुलदेवी ती सगळी माणसं गावात, आणि दर्शनाहून परतताना वाड्याचा दरवाजा उघडा दिसला की आत येतात. एकट्या आजच्या दिवसात ४०० च्या वर माणसं. अर्ध्यांना वाटलं आत पण देव आहे. एका बाईंनी देवळीतल्या मातीच्या मुखवट्यापुढं दहा रुपये ठेवले, कलाकार म्हणाली राहू द्या, माझी पहिली कमाई.

गर्दीत उभं राहून बघताना कळलं की आम्ही चित्रं चुकीच्या उंचीवर लावलीत. पुस्तकी नियम असा की चित्राचा मध्य जमिनीपासून ५७-५८ इंचावर. पण इथं बायका कडेवर लेकरू घेऊन ओट्यावर टेकतात आणि बसूनच बघतात, म्हातारी माणसं तर बसूनच, आणि शाळेची पोरं तीन फुटांची. रात्री सगळं सात इंच खाली घेतलं. नंतर कुणाच्या लक्षात पण आलं नाही, फक्त लोक जास्त वेळ थांबायला लागले.

नुकसान: एका प्रिंटवर कुंकवाचं बोट. छोट्या हाताचं. कलाकाराला लगेच फोन केला, नोंदीचा कागद होताच, त्यामुळं आधी होतं-नव्हतं हा वाद झाला नाही. भरपाई १,२०० रुपये गॅलरीच्या खात्यातून. ती म्हणाली प्रिंट परत द्या, मला आवडलं ते बोट. पैसे पण घेतले, बरोबरच आहे.

५ जानेवारी २०२५, रविवार

भांडण झालं. सविस्तर लिहिते.

आधीच जिल्ह्यातलं वातावरण जड आहे, केज तालुक्यातल्या सरपंचांच्या खुनानंतर बंद, मोर्चे, संध्याकाळी माणसं बाहेर पडेनात. दोन आठवडे गॅलरीत दिवसाला चार-पाच जण. अशात दादा म्हणाले की हॉल वाढदिवसाला, साखरपुड्याला भाड्यानं देऊ, चार पैसे येतील. भाऊ म्हणाले मग चित्रं कुठं जाणार, मांडवाच्या मागं? दादा म्हणाले तुम्ही नुसतं बोलता, महिन्याला तीन-चार हजारांचं प्रिंटिंग माझ्या खिशातून जातंय ते कुणाच्या वहीत आहे? आणि खरंच, ते कुठंच नव्हतं. काकांच्या वहीत रोख तेवढी लिहिलेली. दादांचे फ्लेक्स, भाऊंचे मजुरीचे दिवस, वहिनींचा चहा, सुतारमामांनी सोडलेले साडेपाच हजार, ह्यातलं काहीच नाही. फुकट मिळालं म्हणून लिहिलंच नाही.

बीएफएवाल्या पोराला त्यांच्या सरांनी ग्लासगोच्या ट्रान्समिशन नावाच्या गॅलरीबद्दल सांगितलेलं होतं, १९८३ साली तिथल्या आर्ट स्कूलमधून बाहेर पडलेल्या पोरांनीच काढलेली, चालवणारी कमिटी बिनपगारी, आणि एक माणूस दोन वर्षांच्या वर कमिटीत राहत नाही. म्हणजे थकायच्या आधीच उठायचं. काकांना हे फार आवडलं, म्हणाले बँकेत पण बदलीचा नियम असाच होता, एका खुर्चीत माणूस जास्त बसला की खुर्ची त्याची होते. तिथं मागं रांग असेल बहुतेक. इथं सातवी सही मिळेना, रोटेशन कुणाचं करायचं, ह्यावर सगळे हसले आणि मग भांडण उतरलं.

ठरलं ते एवढंच. साखरपुडे नाहीत. वहीत दुसरा रकाना, वस्तू आणि वेळ, प्रत्येकानं दिलेलं बाजारभावानं लिहायचं, परत द्यायचं म्हणून नाही, माहीत असावं म्हणून. दादांनी स्वतःच्या हातानं मागच्या पाच महिन्यांचं भरलं, १७,६०० झालं. काकांच्या तासांचा भाव काय लावायचा ह्यावर एकमत नाही, काका म्हणाले माझ्यापुढं भोपळा काढा. काढला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

तिसरा शो एकटीचा. मागच्या वर्षी संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली पोरगी, धारूरकडची, आईवडील दरवर्षी कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, जातात. काम बघायला आम्ही तिघं तिच्या खोलीवर गेलो. खताची रिकामी पोती उसवून, एकाला एक शिवून ३१ फुटांचा पट्टा केलाय, वाकळेला घालतात तसा टाका. त्यावर चुलीच्या राखेनं आणि काजळीनं नकाशे. ती जन्मल्यापासून ज्या ज्या कारखान्याच्या रानात कोपी (ऊसतोड्यांची झोपडी) पडली त्या प्रत्येक कोपीचा आतला नकाशा, मोजून, चूल कुठं, पाण्याचा हंडा कुठं, ती कुठं झोपायची, दार कुठल्या दिशेला. सोळा हंगाम, सोळा कोप्या. दोन हंगामांच्या जागी पोतं कोरं आहे, त्या वर्षी ती आजीपाशी राहून शाळेत गेली.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले आपल्या गावात संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचं तत्त्वज्ञान, लिहिलंय तिच्यावर, चाळीसेक फूट कापड. पोरगी म्हणाली माहितीय काका, शाळेच्या सहलीत बघितली, कळलं काहीच नाही पण एवढ्या लांब कापडावर कुणी लिहू शकतं हे तिथंच कळलं.

मग मी घोळ घातला. माहितीच्या बोर्डचा मजकूर मी लिहून नेला होता, "ऊसतोड कामगाराच्या लेकीची..." असा सुरू होणारा. तिनं शांतपणे वाचला आणि विचारलं, "ताई, मागच्या शोच्या बोर्डवर कोणाच्या बापाचा धंदा लिहिला होता का?" नव्हता. "मग माझाच का? कामात आहे ते कामात दिसतंय की." पेपरवाल्यांना तेच वाक्य पाहिजे असतं, त्यानं गर्दी येते, हे मी म्हणाले आणि म्हणतानाच ते किती वाईट वाटतंय ते मला ऐकू आलं. बोर्डवर आता नाव, साल, साहित्य, माप. बस.

करारावर पण तिनं बारकाईनं प्रश्न विचारले, आधीच्या कलाकारांपैकी कुणी विचारले नव्हते. चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला जात नाही, तो वेगळा लिहून दिला तरच जातो. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५३-ए कलम आहे, मूळ चित्र पुढं कुणी १०,००० रुपयांच्या वर परत विकलं तर कलाकाराला त्यात वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के. हे मला तिच्यामुळं वाचावं लागलं. करारात ओळ घातली. दहा हजारांच्या वर आपलं कधी जाईल तेव्हा जाईल.

तारीख: मी महाशिवरात्रीच्या आसपास म्हणत होते. ती म्हणाली आईवडील आल्याशिवाय नाही. कारखाना कधी बंद होईल ते मुकादमाला पण माहीत नसतं. म्हणून पत्रिका छापली नाही, दादांनी तारखेची जागा मोकळी सोडून फ्लेक्स तयार ठेवला.

९ मार्च, रविवार

यंदा बरेच कारखाने लवकर बंद झाले, ते दोघं मंगळवारी गावी आले. आज उघडलं.

३१ फूट लावायचं कसं हा आठवडाभराचा डोकेदुखीचा विषय होता, खोलीची लांब भिंत २२ फूट. तुकडे करायला ती तयार नाही, कोपऱ्यात दुमडलं तर एक कोपी अर्धी मोडते. शेवटी भाऊंनी सुचवलं की आतून सुरू करू आणि दारातून बाहेर ढाळजेच्या ओट्यावर येऊ दे, जिथं संपेल तिथं संपेल. मागून बांबू, दर दीड फुटाला शिवलेली लूप, बांबू तारेला. भिंतीपासून चार बोटं सुटं, म्हणजे चुना लागणार नाही. शेवटची कोपी बरोब्बर उंबऱ्याबाहेर आली.

आई आल्या, वडील ओट्यावर बसले, आत यायला वेळ घेतला. आईंनी पहिल्यांदा टाका बघितला, नकाशा नाही, आणि म्हणाल्या "हितं दोरा कमी पडलाय तुझा." मग एकेक कोपी बघत आल्या. एका ठिकाणी थांबून म्हणाल्या, ही चूल वाऱ्याच्या तोंडाला होती, डावीकडं नव्हती, लई धूर व्हायचा. पोरगी म्हणाली मी चार वर्षांची होते गं. तिथंच वाद घालत उभ्या, वडिलांना बोलावून विचारलं, त्यांनी पण उजवीकडंच सांगितलं. पोरीनं दुरुस्ती केली नाही. शेजारी काजळीनं एक बाण तेवढा काढला.

मेडिकल कॉलेजातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, ह्यातल्या दोन कोप्या घेता येतील का, कापून. पंधरा हजारापर्यंत म्हणाले. पोरगी नाही म्हणाली. आईंना आकडा ऐकू गेला. "इकत असल तर इक की, पोती काय घरी कमी हायती का!" सगळी ढाळज हसली. पोरगी पण हसली, पण नाहीच म्हणाली.

२३ मार्च, रविवार

शो उतरवला. पट्टा गुंडाळून जुन्या साडीत बांधला, फोटो, सही, टाका एका जागी सुटलाय ते लिहिलं. विक्री शून्य. तिचे मानधनाचे २,००० काकांकडून आठ दिवस उशिरा गेले कारण खात्यात १,१४० च होते, बाकीचे भाऊंनी घातले, दुसऱ्या रकान्यात लिहिले.

मी तिला म्हणलं, सोसायटीला सातवी सही तू करतेस का, कलाकारांपैकी कुणीतरी पाहिजेच. ती म्हणाली आधी पैसे वेळेवर द्यायला शिका, मग बघू. काका म्हणाले बरोबर बोलली, आणि वहीत नोंद केली: सही क्र. ७, प्रलंबित.

बाकी कामं. वहिनी मे महिन्यात माहेरी जाणार आहेत, किल्ली कुणाकडं? पुढच्या हंगामाला अर्ज मागवायची तारीख जूनमधे नको, पेरण्या आणि शाळा एकदमच येतात. आणि माळवदाला दोन ट्रॅक्टर पांढरी माती, ट्रॅक्टरवाला २,२०० म्हणतोय खेपेला, वर चढवायला चार माणसं. पाडवा झाला की पहिल्या रविवारी सकाळी सहाला सगळ्यांनी यायचं, ऊन व्हायच्या आत. डॉक्टरची ड्युटी आहे, तिनं तिच्या बदल्यात दोन ज्युनिअर पाठवते म्हणून कबूल केलंय.